झाक मोनो : जनुक थांबवणाऱ्या प्रथिनाची गोष्ट



थोर शास्त्रज्ञांची ओळख म्हटलं की आपण न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी, सी. व्ही. रामन यांच्याबद्दल मुलांना सांगतो. आज एका वेगळ्या शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ. त्यांचं नाव झाक मोनो. बारावीच्या जीवशास्त्रात 'लॅक ओपेरॉन' नावाचा भाग येतो. तिथे मुलं जेकब आणि मोनॉड ही नावं पाठ करतात. त्यातले मोनॉड म्हणजेच हे. फ्रेंच उच्चार 'मोनो' असा होतो आणि जेकब यांचा उच्चार 'झाकोब' असा होतो.

नावं पाठ होतात, आकृती पाठ होते, दोन-तीन गुण मिळतात आणि विषय तिथंच संपतो. पण त्या आकृतीमागं एका माणसाची सतरा-अठरा वर्षांची मेहनत आहे. त्यातली बरीचशी वर्षं तो एका चुकीच्या समजुतीवर काम करत होता. शेवटी त्याच्याच प्रयोगानं ती समजूत मोडली आणि त्यानं प्रयोगाचं ऐकलं. मुलांना हे सांगायला हवं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

आधी प्रश्न समजून घेऊ

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जीवाणू राहतात. एक जीवाणू म्हणजे एकच पेशी. एवढ्याशा पेशीत सुमारे ४३०० जनुकं असतात. जनुक म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यावरचा एक तुकडा. त्यात एखादं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती असते.

ही माहिती वापरायची तर आधी तिची नक्कल काढावी लागते. आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर डीएनएवरून पुढं सरकत जातं आणि आरएनएची नक्कल तयार करतं. दहावीच्या पुस्तकात याला प्रतिलेखन म्हटलं आहे. मग त्या नकलेवरून प्रथिन बनतं.

आता विचार करा. सगळी जनुकं सगळ्या वेळी चालू ठेवली तर पेशीचं काय होईल? प्रथिन बनवायला कच्चा माल लागतो, ऊर्जा लागते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. नको ती प्रथिनं बनवत बसलेला जीवाणू या शर्यतीत मागं पडणार. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडायला एक खास विकर लागतं. पण दूधसाखर काही नेहमी मिळत नाही. ती नसताना ते विकर बनवणं म्हणजे घरात धान्य नसताना रोज गिरणी चालू ठेवण्यासारखं आहे.

जीवाणूला डोळे नाहीत, मेंदू नाही. मग दूधसाखर आली हे त्याला कळतं कसं? आणि ती संपल्यावर विकर बनवणं थांबवायचं हे कोण ठरवतं? मोनो यांचं आयुष्य या प्रश्नात गेलं.

जन्म आणि बालपण

झाक मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लुसियाँ मोनो चित्रकार होते आणि आई अमेरिकन होती. १९१७ मध्ये हे कुटुंब दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या कान शहरात राहायला गेलं. वडिलांना चित्रकलेबरोबर वाचनाचीही आवड होती आणि विज्ञानाबद्दल मोठा आदर होता. घरात संगीत होतं. झाक चेलो नावाचं मोठं तंतुवाद्य वाजवायला शिकले.

लहानपणी त्यांना पोलिओ झाला आणि एक पाय थोडा अधू राहिला. तरी पुढं त्यांनी डोंगरकड्यांवर चढण्याचा छंद जोपासला आणि समुद्रात शिडाची नावही चालवली.

शिक्षण, समुद्र आणि संगीत

१९२८ मध्ये ते जीवशास्त्र शिकायला पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात आले. तिथल्या वर्गांपेक्षा रोस्कॉफ गावच्या सागरी संशोधन केंद्रात भेटलेल्या मोठ्या संशोधकांकडून ते जास्त शिकले. आंद्रे ल्वोफ यांच्याकडून सूक्ष्मजीव कळले आणि बोरिस एफ्रुसी यांच्याकडून आनुवंशिकता.

१९३४ मध्ये ते संशोधकांच्या जहाजातून ग्रीनलंडला जाऊन आले. १९३६ मध्ये तेच जहाज पुन्हा निघणार होतं आणि मोनोही जाणार होते. पण एफ्रुसी यांनी त्यांना आपल्यासोबत अमेरिकेला, थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत यायला सांगितलं. त्यांनी ऐकलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते जहाज आइसलंडच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. जहाजावरच्या सगळ्यांमधून फक्त एक जण वाचला.

अमेरिकेत मोनो यांचा बराच वेळ संगीतात गेला. तिथं ते वाद्यवृंदाचं संचालन करायचे. संगीत हाच व्यवसाय करावा की काय, असाही विचार त्यांनी केला होता. पण ते पॅरिसला परतले आणि पीएचडीच्या कामाला लागले. १९३८ मध्ये त्यांचं लग्न ओदेत ब्रुल यांच्याशी झालं. ओदेत पुरातत्त्वाच्या अभ्यासक होत्या. आपल्यासाठी विशेष म्हणजे भारतातल्या मंदिरांच्या छायाचित्रांचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे.

दोन टप्प्यांची वाढ

पीएचडीसाठी मोनो यांनी साधा विषय घेतला होता. जीवाणूंना साखर द्यायची, ते किती वेगानं वाढतात ते मोजायचं आणि आलेख काढायचा. एक साखर दिली की आलेख एकसारखा वर चढायचा. मग त्यांनी दोन साखरा एकत्र देऊन पाहिल्या.

ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिल्यावर आलेख आधी वर चढला, मग काही वेळ आडवा झाला आणि नंतर पुन्हा चढला. म्हणजे जीवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं. मग ते थोडा वेळ थांबले. त्यानंतर दूधसाखर खायला सुरुवात केली.

मधल्या त्या आडव्या रेषेत काय चाललंय? मोनो यांनी आलेख ल्वोफ यांना दाखवला. त्या थांब्यात जीवाणू नव्या साखरेसाठी नवं विकर तयार करत असावेत, असं ल्वोफ यांनी सुचवलं. हे १९४० सालच्या हिवाळ्यात झालं. त्या वेळी पॅरिसवर जर्मन सैन्याचा ताबा होता. पुढच्या वर्षी मोनो यांना पीएचडी मिळाली, पण सोरबॉनमध्ये या कामाचं कोणाला फारसं कौतुक वाटलं नाही, असं ल्वोफ यांनी पुढं लिहून ठेवलं आहे.

युद्धाची वर्षं

ओदेत ज्यू होत्या. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ज्यू माणसाच्या जिवाला रोजचा धोका होता. त्यांना जुळी मुलं होती. त्या मुलांना घेऊन पॅरिसबाहेर राहिल्या. मोनो पॅरिसमध्येच राहून भूमिगत प्रतिकार चळवळीत शिरले. दिवसा प्रयोगशाळा आणि बाकीच्या वेळी गुप्त काम, खोटी नावं, वेगवेगळ्या ठिकाणी मुक्काम. सोरबॉनमधल्या त्यांच्या खोलीबाहेर जिराफाचा सांगाडा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडांत ते गुप्त कागद लपवायचे असं सांगतात.

पुढं सोरबॉनला जाणं धोक्याचं झालं. तेव्हा ल्वोफ यांनी त्यांना पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. १९४४ पर्यंत मोनो प्रतिकार दलाच्या राष्ट्रीय मुख्यालयात मोठ्या जबाबदारीवर पोचले होते. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं, त्या लढ्यात त्यांचा वाटा होता. युद्धानंतर त्यांना शौर्यपदकं मिळाली.

पक्षाचं ऐकायचं की पुराव्याचं?

प्रतिकार चळवळीत असताना मोनो कम्युनिस्ट पक्षात गेले होते, कारण त्या वेळी हातात शस्त्र घेऊन लढणाऱ्यांमध्ये कम्युनिस्ट पुढं होते. युद्ध संपल्यावर ते पक्षातून बाहेर पडले.

सोव्हिएत रशियात तेव्हा ट्रोफिम लायसेन्को नावाच्या शेतीतज्ज्ञाचा जोर होता. मेंडेलची आनुवंशिकता त्याला मान्य नव्हती. वनस्पतीला वाढवताना जसं वागवाल तसे तिचे गुण बदलतील आणि पुढच्या पिढीत उतरतील, असं त्याचं म्हणणं होतं. पुरावा कच्चा होता, पण सत्ता पाठीशी होती. जगभरातून पिकांचं बियाणं गोळा करणारे निकोलाय वाविलोव त्याला विरोध करत होते. त्यांना तुरुंगात टाकलं गेलं आणि १९४३ मध्ये ते तिथंच वारले. १९४८ मध्ये लायसेन्कोचं म्हणणं हेच सरकारी सत्य म्हणून जाहीर झालं. फ्रान्समधले पक्षाचे लोकही तेच बोलू लागले.

मोनो यांनी त्याच वर्षी पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात याविरुद्ध लेख लिहिला. ज्यांच्यासोबत जीव धोक्यात घालून काम केलं होतं, त्यातले अनेक जण दुरावले. निसर्ग कसा चालतो हे पक्ष ठरवू शकत नाही, ते प्रयोगानंच ठरतं, ही त्यांची भूमिका होती. हा नियम स्वतःलाही लावण्याची वेळ दहा वर्षांनी आली.

माळ्यावरची प्रयोगशाळा

पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ल्वोफ यांची प्रयोगशाळा इमारतीच्या माळ्यावर होती. जागा अडचणीची होती, पण माणसं जिद्दीची होती. एका टोकाला मोनो दूधसाखर फोडणाऱ्या विकराचा अभ्यास करत होते. १९५० मध्ये फ्रान्स्वा झाकोब तिथं आले. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं, पण १९४४ मध्ये नॉर्मंडीत बॉम्बहल्ल्यात ते गंभीर जखमी झाले आणि ते स्वप्न राहून गेलं. ते दुसऱ्या टोकाला जीवाणूंमधल्या विषाणूंवर काम करू लागले. हे विषाणू जीवाणूच्या डीएनएत पिढ्यान्‌पिढ्या निवांत पडून राहतात आणि एखाद्या दिवशी अचानक जागे होतात.

मोनो आणि सहकाऱ्यांनी हळूहळू बऱ्याच गोष्टी शोधल्या. दूधसाखर नसताना विकराचे अगदी मोजके रेणू असतात आणि ती दिल्यावर ते साधारण हजार पटीनं वाढतात. ते आधीच्या कुठल्या प्रथिनाला जोडतोड करून होत नाहीत, पूर्णपणे नव्यानं बनतात. विकराबरोबरच दूधसाखर पेशीत आत आणणारं दुसरं प्रथिनही तयार होतं. काही बिघडलेले जीवाणूही सापडले. ते दूधसाखर असो वा नसो, विकर बनवतच राहायचे. त्यांच्यात बिघाड विकराच्या जनुकात नव्हता, शेजारच्या एका वेगळ्याच जनुकात होता. त्या जनुकाला 'आय' हे नाव मिळालं.

एवढं सगळं हाती असताना मोनो यांची समजूत काय होती? साखर येते आणि विकर बनवण्याचा हुकूम देते. ही समजूत सरळ होती, कोणालाही पटेल अशी होती. मग साखर नसतानाही विकर बनवणाऱ्या बिघडलेल्या जीवाणूंचं काय? त्यांच्या पेशीत साखरेसारखा हुकूम देणारा पदार्थ आतल्या आत तयार होत असेल, असं त्यांना वाटायचं.

ज्या प्रयोगानं समजूत मोडली

१९५७ मध्ये अमेरिकेतून आर्थर पार्डी पॅरिसला आले. पार्डी, झाकोब आणि मोनो या तिघांनी मिळून जो प्रयोग केला, त्याला तिघांच्या नावांची पहिली अक्षरं घेऊन 'पाजामो' म्हणतात. आपण पायजमा म्हणतो तसंच! मुलांना हे नाव लगेच लक्षात राहतं.

प्रयोग असा होता. जीवाणूंमध्ये एक दाता दुसऱ्या जीवाणूला आपल्या डीएनएचा भाग देऊ शकतो. दाता निवडला तो पूर्ण निरोगी. त्याचं विकराचं जनुक चांगलं आणि 'आय' जनुकही चांगलं. साखर नसल्यामुळे तो विकर बनवत नव्हता. घेणारा निवडला तो दोन्ही बाजूंनी बिघडलेला. त्याचं 'आय' जनुक बंद आणि विकराचं जनुकही मोडकं, म्हणून तोही विकर बनवू शकत नव्हता. साखर कुठंच ठेवली नाही. मग दोघांना एकत्र आणलं.

आता तुम्हीच अंदाज करा. दात्याचं चांगलं जनुक घेणाऱ्याच्या पेशीत गेलं. मोनो यांची समजूत बरोबर असेल तर घेणाऱ्याच्या पेशीत हुकूम देणारा पदार्थ आहेच. मग विकर बनायला लागेल आणि बनतच राहील.

प्रत्यक्षात काही मिनिटांतच विकर बनायला लागलं. इथवर ठीक. पण तासा-दीड तासानंतर ते बनणं थांबलं. थांबल्यावर साखरेसारखा पदार्थ घातला की पुन्हा चालू झालं.

याचा अर्थ काय? घेणाऱ्याच्या पेशीत हुकूम देणारं काही नव्हतं, तिथं अडवणारं काही नव्हतं! म्हणून नवं जनुक आल्या आल्या कामाला लागलं. मग त्याच्यासोबत आलेल्या चांगल्या 'आय' जनुकानं अडवणारा पदार्थ बनवायला सुरुवात केली. तो पुरेसा साठला आणि काम थांबलं. म्हणजे 'आय' जनुकाचं काम अडवणं हे आहे. साखर हुकूम देत नाही, ती अडवणाऱ्याला बाजूला करते.

याच सुमारास लिओ झिलार्ड पॅरिसला आले होते. हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, पुढं जीवशास्त्राकडे वळलेले. चालू होणं म्हणजे खरं तर अडवणं उठणं असू शकेल, असा विचार त्यांनीही मांडला होता. शिवाय अडवण्याचा एक प्रकार मोनो यांनी स्वतः १९५३ मध्येच पाहिला होता. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल भरपूर दिलं की जीवाणू ते बनवणारं विकर तयार करणं थांबवतात. पण दूधसाखरेची गोष्ट वेगळी, तिथं हुकूमच असणार, असंच ते धरून चालले होते.

आता त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. आकडे आपल्या समजुतीत कसेतरी बसवायचे किंवा समजूत सोडायची. त्यांनी समजूत सोडली. १९५९ मध्ये तिघांचा लेख प्रसिद्ध झाला.

१९५८ च्या उन्हाळ्यात झाकोब यांच्या डोक्यात पुढचा धागा जुळला. ते पत्नीसोबत सिनेमा बघायला गेले होते, पण मन विचारातच होतं. निवांत पडलेला विषाणू आणि थांबलेलं विकर, दोन्हीकडे एकच गोष्ट घडत असली पाहिजे. अडवणारा पदार्थ थेट डीएनएवर बसून जनुकाचं वाचन थांबवत असणार. सुट्टीवरून परतलेल्या मोनो यांना हे आधी पटलं नाही. मग रोज वाद, रोज फळ्यावर आकृत्या, रोज नवे प्रयोग. शेवटी १९६१ मध्ये दोघांचा मोठा लेख आला. त्यात संदेश वाहणाऱ्या आरएनएची कल्पनाही होती.

अडवणारं प्रथिन काम कसं करतं?

आमच्या पोखर्णीच्या शिवारात दारं धरणं म्हणजे काय हे पोरांना सांगावं लागत नाही. पाटात पाणी असतं. वाफ्याच्या तोंडाशी माती लावली की दारं बंद. माती ओढली की पाणी आपोआप आत जातं, त्याला ढकलावं लागत नाही. जनुकाचंही असंच आहे.

१. दूधसाखरेची तीन जनुकं डीएनएवर एकापाठोपाठ असतात. त्यांच्या आधी एक सुरुवातीची जागा असते. तिथं आरएनए पॉलिमरेज येऊन बसतं. हिला प्रमोटर म्हणतात.

२. त्याला लागूनच डीएनएचा एक लहानसा भाग असतो, जेमतेम वीस-एकवीस जोड्यांचा. हा ऑपरेटर, म्हणजे आपलं दारं.

३. 'आय' जनुकापासून रिप्रेसर नावाचं प्रथिन बनतं. चार सारख्या साखळ्या मिळून ते तयार होतं. ते ऑपरेटरवर घट्ट बसतं. मग पॉलिमरेजला काम सुरू करता येत नाही. प्रतिलेखन थांबतं, नक्कल नाही म्हणून विकरही नाही.

४. दूधसाखर आत आली की तिच्यातल्या थोड्या भागाचं रूप किंचित बदलतं. तो बदललेला रेणू रिप्रेसरच्या एका खाचेत बसतो. त्यामुळं रिप्रेसरचा आकार बदलतो आणि डीएनएवरची पकड सुटते. दारं उघडतं.

५. विकर तयार होतं आणि साखर फोडतं. साखर संपली की रिप्रेसरची खाच रिकामी होते. तो पुन्हा ऑपरेटरवर जाऊन बसतो.

इथं चौकस मूल एक प्रश्न विचारेल. दूधसाखर आत आणणारं प्रथिनही याच जनुकांतून बनतं ना? मग दारं बंद असताना पहिली साखर आत येणार कशी? उत्तर असं की दारं कितीही लिंपलं तरी थोडं पाणी झिरपतंच. रिप्रेसर अधूनमधून क्षणभर सुटतो, तेवढ्यात एखादी नक्कल निघते. त्या झिरपण्यातून आत आणणारी थोडी प्रथिनं आणि फोडणारं थोडं विकर नेहमी तयार असतं. ते नसतं तर जीवाणूला दूधसाखर आली हे कळलंच नसतं.

ग्लुकोज असताना दूधसाखरेकडे दुर्लक्ष का, याचंही उत्तर नंतर मिळालं. ग्लुकोज आत येत असताना दूधसाखर आत यायला अडथळा होतो. शिवाय ही जनुकं जोरात वाचायला एका मदतनीस प्रथिनाची गरज असते, ग्लुकोज असताना त्याची मदत कमी मिळते. म्हणजे नुसतं दारं उघडून भागत नाही, पाटात पाण्याला जोरही लागतो. १९४० च्या आलेखातली ती आडवी रेषा म्हणजे हा सगळा बदल व्हायला लागणारा वेळ.

ट्रिप्टोफॅनचं उलटं आहे. तिथं रिप्रेसर एकटा डीएनएवर बसू शकत नाही. ट्रिप्टोफॅन भरपूर झालं की ते त्याला चिकटतं आणि मगच तो बसतो. कोठार भरलं की काम बंद!

रिप्रेसर प्रत्यक्ष हाती लागला तो १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांच्या. एका पेशीत जेमतेम दहाच्या आसपास रेणू, म्हणून तो शोधायला एवढा वेळ लागला. तो प्रथिन निघाला. मोनो आणि झाकोब यांनी १९६१ मध्ये तो आरएनए असावा असं म्हटलं होतं, तेही दुरुस्त झालं.

नोबेल आणि शेवटची वर्षं

१९६५ मध्ये झाकोब, ल्वोफ आणि मोनो या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मोनो यांनी दोन सहकाऱ्यांसोबत आणखी एक महत्त्वाचा लेख लिहिला. प्रथिनाच्या एका खाचेत काही बसलं की दुसरीकडचा आकार कसा बदलतो, याची मांडणी त्यात होती. रिप्रेसरची पकड याच तऱ्हेनं सुटते.

माणूस म्हणूनही ते खंबीर होते. १९६० मध्ये हंगेरीतल्या अॅग्नेस उलमान आणि त्यांचे पती यांना त्यांनी देशाबाहेर काढायला मदत केली. ते दोघं गाडीला जोडलेल्या फिरत्या घरात, न्हाणीच्या टबाखाली लपून सीमेपार आले. पुढं उलमान यांनी मोनो यांच्यासोबत वर्षानुवर्षं संशोधन केलं.

१९७१ मध्ये मोनो पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. संस्था आर्थिक अडचणीत होती, ती सावरण्यात त्यांची शेवटची वर्षं गेली. ३१ मे १९७६ रोजी, बालपण गेलं त्याच कान शहरात, रक्ताच्या आजारानं त्यांचं निधन झालं. वय ६६ वर्षं.

आपल्याशी याचा संबंध काय?

मधुमेहाच्या रुग्णांना लागणारं मानवी इन्सुलिन १९७८ मध्ये पहिल्यांदा ई. कोलायमध्ये बनवलं गेलं. त्यासाठी माणसाच्या इन्सुलिनचं जनुक लॅक ओपेरॉनच्या याच कळीला जोडलं होतं. बीटी कापसातही एका जीवाणूचं जनुक आहे. नुसतं जनुक बसवून भागत नाही, ते कापसाच्या पेशीत चालू राहावं म्हणून त्याच्याआधी एका वनस्पती-विषाणूची चालू करणारी कळ जोडावी लागली. आपल्या परभणी जिल्ह्यात घरोघरी कापूस आहे, त्यामुळं पालकांना हे उदाहरण जवळचं वाटेल.

आणखी एक धागा मुंबईचा. वर उल्लेख केलेल्या झिलार्ड यांनीच तरुण संशोधक ओबेद सिद्दिकी यांचं नाव होमी भाभा यांना सुचवलं. सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला.

वर्गात असं घ्या

याला साहित्य लागत नाही, खडू पुरे. पाचवीच्या पुढं कुठल्याही वर्गात जमेल.

* अंगणात खडूनं एक लांब पट्टा आखा. त्यात पाच चौकटी करा : सुरुवात, दारं आणि तीन जनुकं.
* एक मूल 'वाचक'. तो सुरुवातीपासून चालत जाईल. तीनही चौकटी ओलांडल्या की एका मुलाला 'कात्री' म्हणून मैदानात बोलावेल.
* एक मूल 'राखणदार'. तो दारं या चौकटीत उभा. तो असेपर्यंत वाचक पुढं जाणार नाही.
* चार-पाच मुलं 'दूधसाखर'. दोघं-दोघं हात धरून. सुरुवातीला एक-दोन कात्र्या मैदानात ठेवाच, हे आपलं झिरपणं.

पहिली फेरी : दूधसाखर येते. एक जण राखणदाराचे हात धरून त्याला चौकटीबाहेर नेतो. वाचक धावतो, कात्र्या येतात, साखरेच्या जोड्या सोडवतात. शेवटची जोडी सुटली की राखणदार परत जागेवर.

दुसरी फेरी : राखणदार आजारी, आलाच नाही. साखर नसताना वाचक पळतच राहतो. नुसत्या कात्र्यांची गर्दी होते. हा बिघडलेला जीवाणू.

तिसरी फेरी : आजारी राखणदाराच्या वर्गात थोड्या वेळानं दुसऱ्या वर्गातला निरोगी राखणदार पाठवा. हाच पाजामो प्रयोग. फेरी सुरू करण्याआधी मुलांना विचारा, काय होईल? प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर लिहा आणि मगच फेरी घ्या. ज्यांचा अंदाज चुकेल त्यांना हसू देऊ नका. उलट आता उत्तर का बदलावंसं वाटतं ते त्यांच्याकडूनच ऐका. मोनो यांनीही हेच केलं होतं, हे तेव्हा सांगा.

शेवटी एवढंच

पालकांनो, आपल्या घरात मुलानं आधीचं उत्तर बदललं की आपण पटकन म्हणतो, बघ, आधी चुकला होतास. शाळेतही आम्ही खाडाखोडीचे गुण कापतो. त्यामुळं पुरावा समोर आला तरी पहिलं उत्तरच धरून बसायची सवय मुलांना लागते. मोनो पहिल्या उत्तराला धरून बसले असते, तर पाजामोचे आकडे वहीतच राहिले असते आणि रिप्रेसर दुसऱ्या कोणाला तरी सापडला असता. तेव्हा मूल पुरावा बघून उत्तर बदलत असेल तर त्याला अडवू नका.

हा खेळ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांचे प्रश्न नक्की कळवा. पुढच्या पाठात ते घेऊ.